रुमालाखालचा आकडा

आमच्या घरात फोनला रेंज येते ती गोठ्यात. ओसरीवर आवाज तुटतो, माळवदावर चढलं तर वाऱ्यानं काही ऐकू येत नाही. पण म्हशीच्या दावणीजवळ, मधल्या खांबापाशी बसलं की समोरच्या माणसाचं चित्रसुद्धा न अडकता दिसतं. असं का, ते मला एम.ए. होऊनही सांगता येत नाही. त्यामुळे माझ्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, दारू सोडल्यानंतरचं सगळं समुपदेशन गोठ्यात झालं.

पेंडीचं पोतं, त्यावर पिठाचा रिकामा डबा, डब्याला टेकवलेला माझा मोबाईल आणि समोर बाजेवर आबा. मोबाईलमध्ये दूरच्या शहरातल्या समुपदेशक मॅडम. पहिल्याच दिवशी म्हशीनं मान लांब करून मध्येच तोंड घातलं. मॅडम नेमकं तेव्हा विचारत होत्या, घरात कोण कोण असतं. आबा म्हणाले, "ही एक हाय. मग माझी बायको. मग ही पोरगी." मॅडम हसल्या. आबा हसले नाहीत. त्या दिवसांत ते हसतच नव्हते.

हे लिहायच्या आधी मी आबांना विचारलं. ते म्हणाले, लिही, पण नाव टाकू नकोस. म्हणून कुणाचंच नाव टाकलेलं नाही.

आमचं गाव कळंबच्या जवळ. आबा जनावरांच्या बाजारातले दलाल. विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची गाठ घालून द्यायची, दोघांच्या मधे उभं राहून सौदा जुळवायचा, हे त्यांचं काम. दोन बैल लांबून चालत आले की कुठला कामाला लागणार आणि कुठला पुढच्या महिन्यात परत बाजारात येणार, ते त्यांना दिसतं. त्यांच्या बोलण्यावर आमचं घर चाललं आणि माझं शिक्षणही झालं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. मला धाराशिवच्या वसतिगृहात पोचवायला आबा आले ते टेम्पोतून, आणि मागच्या हौद्यात माझ्या पेटीशेजारी दोन म्हशी होत्या, कारण त्याच वाटेनं त्यांनाही पोचवायचं होतं. दारातल्या रखवालदारानं विचारलं, यातलं इथं राहणार कोण? आबांनी मला पुढं केलं आणि सवयीनं म्हणाले, "ही. लई गरीब हाय. मारत बिरत न्हाय." पुढची तीन वर्षं मुली मला त्यावरून चिडवत होत्या. मला राग यायचा नाही. आपल्याला इतक्या खात्रीनं कुणाच्या तरी हवाली केलं होतं, याचं मला बरंच वाटायचं.

सौदा झाला की बसायचं, हा बाजाराचा रिवाज. घेणारा खूश असतो, विकणारा मोकळा झालेला असतो, आणि दोघंही दलालाला सोडत नाहीत. आबा आधी बाजाराच्या दिवशी बसायचे. मग बाजाराच्या आदल्या दिवशी. मग बाजार नसला तरी. दोन वर्षांपूर्वी त्यांचे डोळे पिवळे झाले, पाय सुजले, आणि धाराशिवला दवाखान्यात बरेच दिवस काढावे लागले. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की आता एक घोटही नाही. आबांनी तिथंच सोडली, आणि खरोखर सोडली. पण घरी आल्यावर त्यांनी बाजारही सोडला. बाजारात जाऊन कोरडं परतणं आपल्याला जमणार नाही, असं त्यांचं मत होतं. तेव्हा दारू नको म्हणजे बाजारही नको.

मग ते बाजेवर पडून राहू लागले, भिंतीकडं तोंड करून. माय आणि मी कितीतरी वर्षं मनात म्हणत आलो होतो की घर एकदा शांत व्हावं. आता ते शांत झालं होतं आणि आम्हा दोघींना ते सोसवत नव्हतं. सगळा बाजार बोलण्यावर डोलवणारा माणूस जेवताना मीठसुद्धा मागेना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हे नैराश्य आहे, यालाही औषध असतं, गोळ्या दिल्या, आणि सोबत समुपदेशकाशी नियमित बोला म्हणाले. दर आठवड्याला शहरात जाणं आमच्यानं होणारं नव्हतं. माझ्या कॉलेजातल्या मानसशास्त्राच्या मॅडमना मी फोन केला. फोनवर समुपदेशन करणाऱ्या एका संस्थेचा पत्ता त्यांनी दिला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

आबांना सांगितलं तर ते भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाले, "फोनवर बोलून दारू सुटत असती तर बाजारात समद्यांकडं फोन हायती."

मी कळंबच्या शाळेत शिकवते, दिवसभर पोरांना समजावणं हा माझा धंदा. पण आबांपुढं माझं काही चालेना. शेवटी मी म्हटलं, "आबा, तुम्ही कधी न बघितलेल्या कॉलेजात मला घातलं, मी गेले. आता मी सांगते तिथं तुम्ही बसा." ते उठून बसले. एकदाच, म्हणाले.

शेजारणींना काय सांगायचं, ही मायची काळजी. नवरा दर बुधवारी गोठ्यात बसून फोनवर एका बाईशी तासभर बोलतो, ही गोष्ट आमच्या गल्लीत झाकून राहणार नव्हती. मायनं सांगून टाकलं की म्हशीच्या डॉक्टरीणबाई आहेत, फोनवरच इलाज सांगतात. दोन आठवड्यांत तिघीजणी आपापल्या म्हशींची दुखणी घेऊन आल्या. एकीची म्हैस पान्हा चोरत होती. मायनं आत जाऊन विचारून आल्यासारखं केलं आणि स्वतःच्या अकलेनं सरकी वाढवायला सांगितली. म्हैस दूध द्यायला लागली, आणि मॅडमची कीर्ती गल्लीत झाली.

आबांना फोनची भीती होती, मध्येच बंद पडला तर काय. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे मॅडमनी आणि त्यांनी दोघांनी मिळून ठरवलं की मी जवळ थांबायचं. मी खांबाच्या पलीकडं पाठ करून वह्या तपासत बसायची.

दर बुधवारी मॅडम एक प्रश्न हमखास विचारायच्या. "काका, या आठवड्यात प्यायची ओढ किती वाटली? शून्य म्हणजे अजिबात नाही. दहा म्हणजे समोर आली तर थांबणार नाही."

"दोन," आबा म्हणायचे.

मॅडम म्हणायच्या, छान. पुढच्या बुधवारी पुन्हा दोन. एकदा तर ते "दीड" म्हणाले. शेणाची पाटी घेऊन चाललेली माय तिथंच थांबली आणि नाकातून असा आवाज काढला की म्हशीनं वळून पाहिलं. कारण तो माणूस आठवडाभर नीट जेवला नव्हता, आणि आदल्या दिवशी खुंटीवरचा बाजाराचा सदरा काढून परत अडकवताना तिनं त्यांना तीनदा पाहिलं होतं.

फोन बंद झाल्यावर मी विचारलं की आबा, खरं का नाही सांगत? ते माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मीच अडाणी.

"मग काय पहिल्या झटक्यालाच खरा आकडा सांगू? म्या म्हणलो दोन. आता तिनं म्हणायचं की काका, दोन कसं, धा हाय. मग म्या तीन म्हणणार, ती नऊ म्हणणार. असं वर-खाली करत जमतं. पण ती बाई लगीच छान म्हणती. असा सौदा असतो व्हय?"

मला हसू आवरेना, आणि लगेच रडूही आलं, कारण इतके आठवडे ते प्रामाणिकपणे वाट बघत बसले होते की मॅडम कधी आकडा वर चढवतात. त्यांनी खोटं सांगितलंच नव्हतं. त्यांनी फक्त बोली सुरू केली होती.

पुढच्या बुधवारी आबांच्या परवानगीनं मी हे मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, इतक्या त्या हसल्या. मग त्यांनी विचारलं की काका, मला यातलं काही कळत नाही, बाजारात खरा आकडा सांगतात तरी कसा?

"रुमालाखाली," आबा म्हणाले.

आणि कितीतरी दिवसांनी ते बोलायला लागले. डोक्याचा रुमाल काढून दोघांच्या हातांवर टाकायचा. खालनं एकमेकांची बोटं धरायची. एक बोट दाबलं तर एक, दोन धरली तर दोन, सगळा पंजा म्हणजे पाच, पंजा धरून पुन्हा बोटं धरली की त्याच्या पुढचे. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा फक्त त्या दोघांचा. "तोंडानं काय बी बोलतंय माणूस. पर हातात हात घेतला की त्याचा घाम कळतो, म्याडम. तिथं लई खोटं चालत न्हाय."

मॅडम म्हणाल्या, "मग मला रुमालाखाली सांगा. माझा हात तर तिथं पोचणार नाही. घरात कुणाचा चालेल?"

आबांनी आधी माझ्याकडं पाहिलं. मग नजर गव्हाणीकडं गेली. तिथं माय वैरण टाकत होती.

"म्या?" माय म्हणाली. "पोरीम्होरं?"

माझ्या जन्मापासून मी त्या दोघांना एकमेकांचा हात धरलेलं पाहिलं नव्हतं. मायनं हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा धुतले. बाजेच्या कडेला ती अशी टेकली की जणू बाज दुसऱ्या कुणाची आहे. आबांनी रुमाल टाकला. मी वह्यांमध्ये डोकं घातलं, पण कान तिकडंच होते. आबा हळू आवाजात शिकवत होते, असं न्हाय, हे बोट, आता मोज. माय म्हणाली, एवढं दाबायचं असतं व्हय, जनावर हाय का म्या. मग माय ओठ हलवत मोजू लागली.

"म्याडम," माय म्हणाली, "हे आठ म्हणलालेत."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "काका, आठ असताना तुम्ही आज प्यायला नाहीत. काल नाहीत. हे किती अवघड काम तुम्ही रोज एकटे करताय, ते नुसतं 'दोन' ऐकून मला कळलंच नसतं."

आबांचा हात रुमालाखालीच होता. ते म्हणाले, "दारूची एवढी न्हाय म्याडम. बाजाराची हाय. बाजाराच्या दिवशी सकाळी दारावरनं टेम्पो जात्यात, जनावरं हंबरत्यात, अन् म्या भिंतीकडं तोंड करतो. गेलो तर पिणार. न गेलो तर मग म्या कोण हाय, ते सांगा."

त्या दिवशी आम्हा सगळ्यांना कळलं की काम नेमकं काय आहे. आबांना बाजारात परत जायचं होतं आणि तिथून न पिता घरी यायचं होतं. दारू नुसती सोडून भागणार नव्हतं. त्यांना त्यांचं जगणं परत हवं होतं.

मॅडमनी घाई केली नाही. आधी नीट जेवण, मग सकाळी फिरणं, डॉक्टरांच्या गोळ्या न चुकता. रुमाल मात्र रोजचा झाला. संध्याकाळचा चहा घेऊन माय बाजेवर बसायची आणि न बोलता हात पुढं करायची. कधी सात, कधी पाच, कधी परत आठ. आठ असला की माय कामं बाजूला ठेवून त्यांच्यासोबत मारुतीच्या देवळापर्यंत चालत जाऊन यायची. हळूहळू तीही या व्यवहारात मुरली. एकदा म्हणाली, "सहा न्हाय, चारच हाय. बोट ढिलं धरलंय तुमी."

"आता तूच दलाल झाली व्हय?" आबा म्हणाले, आणि हसले. मी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आले, नेमकं बघायला की खरंच हसले का.

मग एका बुधवारी मॅडमनी मायला विचारलं की काकू, तुमचा आकडा किती? दारूचा नव्हे. काळजीचा. माय म्हणाली, माझं काय, माझं काही नाही. मॅडम म्हणाल्या, तोंडानं नको, रुमालाखाली.

आबांनी तिचा हात धरला. मी या वेळी पाठ केली नाही. आबांचा चेहरा बदलत गेला, मोजताना बदलतो तसा.

"हिचा नऊ हाय," ते म्हणाले. मग मॅडमकडं न बघता मायकडं बघत म्हणाले, "कवापासनं?"

माय म्हणाली, "लई दिसांपासनं."

त्या दिवशी आबांनी म्हशीचं दूध स्वतः काढलं, मायला उठू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते भिंतीकडं तोंड करून झोपले नाहीत. एकदम बरे झाले असं मी म्हणणार नाही, कारण तसं होत नसतं. मॅडमही तेच सांगायच्या. पण त्या दिवसानंतर आपला आकडा कमी करायला त्यांना स्वतःशिवाय आणखी एक कारण मिळालं, एवढं मी पाहिलं.

पावसाळा सरल्यावर आबा म्हणाले की आता जाऊन बघतो. मॅडम म्हणाल्या, आधी तालीम करू. सौदा झाला, सगळे बसायला निघाले, तुम्हाला हाक मारली, तेव्हा काय बोलणार? त्यांनी स्वतः बाजारातल्या दोस्ताचं सोंग घेतलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "चला ना काका, थोडीशी घेऊ या आपण."

आबा पोट धरून हसले. "असं कुणी बोलवत न्हाय, म्याडम. असं बोलवलं असतं तर म्या कवाच पिलो नसतो."

तेव्हा माय गव्हाणीपासून पुढं आली. आबांचा एक जुना जोडीदार दलाल आहे, पलीकडच्या गावचा. बाजाराहून आबांना मोटारसायकलवर आणून दारात उतरवायचा आणि जाताना काहीबाही बडबडायचा. मायनं पदर खोचला, एक डोळा बारीक केला आणि थेट त्याच्या आवाजात सुरू झाली. "काय लेका, बायकूला इचारून प्यायलास का आजपर्यंत? दवाखान्यात जाऊन आलास म्हून सरपंच झालास व्हय? आरं, ह्यो बैल बी पाणी पितो, तू त्याच्यापेक्षा गेलास?"

आम्ही तिघं थक्क झालो. इतकी वर्षं दाराआड उभी राहून तिनं शब्दन् शब्द ऐकला होता. मॅडम म्हणाल्या, काकू, हे काम तुमचंच. मग तीन बुधवार माय जोडीदार झाली आणि आबा नाही म्हणायला शिकले. आधी ते कारणं सांगायचे, पोट दुखतंय, डॉक्टर रागावतात. माय प्रत्येक कारणाला दुसरं बोलणं लावायची आणि त्यांना गार करायची. शेवटी आबांनी सगळी कारणं टाकून दिली. नुसतं म्हणाले, "मला चहा सांग." मायनं खोचलेला पदर सोडला आणि खरोखर चहा ठेवायला गेली.

बाजाराच्या दिवशी सकाळी आबांनी खुंटीवरचा सदरा घातला, रुमाल बांधला आणि एका टेम्पोत बसून गेले. माय टेम्पो वळेपर्यंत दारात उभी होती. मी शाळेत गेले, पण त्या दिवशी मी फळ्यावर काय लिहिलं, ते विचारू नका.

संध्याकाळी मी एसटीनं परत आले. आबा त्याच गाडीला असतील असं वाटलं होतं. नव्हते. पुढची गाडी आली, तिच्यातूनही कुणी उतरलं नाही. माय चुलीपुढं भाकरी थापत होती आणि भाकरी थापताना ती कधी थांबत नाही, पण त्या दिवशी पीठ हातात घेऊन बसून राहिली. मी म्हटलं, बाजार उशिरा मोडला असेल. ती हूं म्हणाली.

मग मोटारसायकलचा आवाज आला. तो आवाज आम्ही दोघी ओळखत होतो. जोडीदाराचीच गाडी. तिचा आवाज दारात येणं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. मायनं पीठ परातीत ठेवलं. मी उठून दाराशी गेले.

गाडी थांबली. दिवा विझला. आबा एकटेच उतरले, स्वतः गाडी चालवत आले होते, आणि आयुष्यात क्वचितच चालवली असल्यानं ती स्टँडवर लावायला त्यांना जड जात होतं.

माय बाहेर आली आणि नेहमीसारखी त्यांच्या हातातली पिशवी घ्यायला पुढं झाली. पिशवी घेताना ती किती जवळ जायची आणि का, ते मला लहानपणापासून माहीत होतं. आबांनाही माहीत होतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी पिशवी सोडली नाही. तिच्यापुढं नीट उभे राहिले.

"घे वास," ते म्हणाले. "निवांत घे."

मायनं लाजून इकडंतिकडं पाहिलं, आणि मग खरोखर त्यांच्या गळ्याजवळ नाक नेऊन वास घेतला.

"बैलाचा येतोय," ती म्हणाली.

"मग बैलाच्याच बाजाराला गेलतो."

जोडीदार एवढा प्यायला होता की त्याला गाडी चालवणं शक्य नव्हतं. आणि बसलेल्या सगळ्यांमध्ये शुद्धीत एकटे आबाच. म्हणून सगळ्यांनी मिळून त्यांच्याच हातात किल्ली दिली. त्याला मागं बसवून, स्वतःच्या कमरेला त्याचे हात रुमालानं बांधून, हळूहळू त्याच्या गावापर्यंत नेऊन, त्याच्या बायकोच्या हवाली करून ते आले होते. त्यात उशीर झाला. वाटेत तो सारखा म्हणत होता की तू बदललास. चहाचं विचारलं तर आबा म्हणाले की किती प्यायलो ते मोजलं नाही, पण आता रात्रभर झोप येणार नाही. दोन सौदे जुळवले होते, हे त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितलं.

माय म्हणाली, "अन् पुढच्या बाजाराला?"

आबांनी हातपाय धुतले, रुमालानं तोंड पुसलं आणि पाटावर बसले. "पुढच्या बाजाराचं पुढच्या बाजाराला बघू. आधी भाकर वाढ."

याआधी बाजाराच्या दिवशी आम्ही तिघं एका वेळी जेवायला बसल्याचं मला तरी आठवत नाही. भाजीत मीठ कमी पडलं होतं. आबांनी मागून घेतलं.